बागेत फुलपाखरं हवीत? मग आधी अळ्या येऊ द्या



पावसाळ्यातली पहिली पालकसभा संपली की कुणीतरी मागे थांबून विचारतंच, "बाई, घरी थोडी जागा आहे. फुलपाखरं यावीत म्हणून कोणती फुलझाडं लावू?" मी उलटाच प्रश्न करते, "तुमच्या दारात कढीपत्ता आहे का?" आमच्या चिपळूणकडे बहुतेकांच्या दारात तो असतोच. "त्याला अळ्या पडतात का?" "पडतात ना! पानंच्या पानं फस्त करतात. म्हणून तर औषध मारतो."

मग सांगावं लागतं, की फुलपाखरं तुमच्या दारात कधीचीच येऊन गेली आहेत. जाताना त्यांनी जी अंडी ठेवली, त्यांतून निघालेल्या अळ्यांवरच तुम्ही औषध मारताय.

हे सांगताना मी जरा ओशाळते, कारण बरीच वर्षं मीही तेच केलं. शाळेत थर्माकोलवर अंडी, अळी, कोष, फुलपाखरू असं चक्र चिकटवून घ्यायचं, बाणांना रंग द्यायला लावायचे, आणि घरी आलं की कढीपत्त्यावर तंबाखूचं पाणी शिंपडायचं. तक्त्यावरची अळी आणि दारातली अळी एकच, हे कधी डोक्यातच आलं नाही. ते कळलं चौथीच्या वर्गात, आणि तेही चुकूनच. पानांचे प्रकार शिकवायला कढीपत्त्याची डहाळी नेली होती. एका पानावर पक्ष्याची शिट दिसली, म्हणून नखाने खरवडायला गेले, तर ती शिट चालायला लागली! पुढे वर्गात काय गोंधळ झाला असेल ते तुम्हाला सांगायला नको. पानांचे प्रकार राहिले बाजूला. डहाळी पाण्याच्या ग्लासात ठेवली, आणि पुढचे तीन आठवडे मधल्या सुट्टीत एकही मूल मैदानावर गेलं नाही.

ती अळी होती लाईम बटरफ्लायची. पिवळट-काळं, ठिपक्या-ठिपक्यांचं, मागच्या पंखावर विटकरी-लाल ठिपका असलेलं हे फुलपाखरू तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. महाराष्ट्रात ते जवळजवळ सगळीकडे आहे, शहरातसुद्धा. म्हणून सुरुवात त्याच्यापासून करा असं माझं म्हणणं.

फुलावर जेवण, पानावर बाळंतपण

आपली गल्लत इथेच होते. फुलपाखरू म्हटलं की आपल्याला फूल आठवतं. फूल हवंच, पण ते फुलपाखराचं हॉटेल आहे. येतं, मध पितं, पुढे जातं. ज्या झाडासाठी मादी मुद्दाम शोधत येते, ते झाड वेगळं. अळीला चालेल असंच पान तिला अंडी घालायला लागतं.

ते ती कसं ओळखते? पायांनी! फुलपाखराला पायांनी चव कळते. मादी पानावर टेकते, पुढच्या पायांनी थापट्या मारल्यासारखं करते, नको असेल तर उडते, दुसऱ्या पानावर जाते. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात कढीपत्त्यापाशी दहा मिनिटं शांत उभे राहिलात तर हे दिसतं. मुलांना मी सांगते, "आई भाजीवाल्याकडे भेंडी मोडून बघते ना, तसं चाललंय तिचं."

आता कढीपत्ता, लिंबू आणि बेल, तिन्हीवर हीच अळी का सापडते? हा प्रश्न वर्गात जरूर टाका आणि उत्तर लगेच देऊ नका. तिन्हींची एकेक पानं द्या. चुरगाळून वास घ्यायला लावा. मग पान उन्हासमोर धरायला सांगा. पानभर बारीक, पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी आहेत, वास तिथूनच येतो. तिन्ही झाडं एकाच कुळातली, लिंबाच्या. हा उग्र वास म्हणजे खरं तर झाडाने पान खाणाऱ्यांना घातलेलं कुंपण आहे. पण या फुलपाखरांच्या अळ्यांना ते पचवता येतं, आणि मादीला तोच वास पत्त्यासारखा उपयोगी पडतो. आमच्या वर्गात ही एक तासिका फार रंगली. फक्त आधी हात धुवून घ्या. तेल-पावडरीच्या वासात बेलाचा वास हरवतो.

म्हणून फुलपाखरू बदललं की पान बदलतं. रुईच्या झुडपावर पिवळ्या-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची अळी दिसली तर ती प्लेन टायगरची. सोसायटीच्या कुंपणाला असतो त्या उंच, सरळ अशोकावर आणि सोनचाफ्यावर टेल्ड जे हे हिरवट ठिपक्यांचं, चपळ फुलपाखरू वाढतं. बहाव्याच्या कोवळ्या पालवीवर कॉमन एमिग्रंट. कण्हेरीवर कॉमन क्रो; त्याचा कोष चांदीचा पत्रा गुंडाळावा तसा चकाकतो, मुलं वेडी होतात बघून. कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर. आंब्यावर कॉमन बॅरन, त्याची अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी पडून राहते की बोट ठेवून दाखवली तरी दिसत नाही. आणि आंब्यावरच्या ज्या बांडगुळाला आपण शिव्या देतो, त्याच्यावर हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू वाढतं. पिवळा आणि लाल रंग पंखाखाली अगदी शेजारी शेजारी, नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. (बांडगूळ मुद्दाम वाढवा असं मी म्हणत नाहीये, बागायतदार मला फटके देतील.)

आपल्या राज्याचं फुलपाखरूही याच लिंबाच्या गोतावळ्यातलं. ब्लू मॉर्मन, म्हणजे नीलवंत. काही जण राणी पाकोळी म्हणतात. 2015 साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, त्यामुळे सामान्यज्ञानाच्या तासाला हा प्रश्न येतोच. मुलं उत्तर पाठ करतात. पण त्याची अळी लिंबा-पपनसाच्या पानांवर वाढते, हे किती जणांना माहीत असतं? कोकणात तर ते अंगणात येतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पालकांनी "आमच्याकडे कुठलं अंगण!" म्हणून इथेच थांबू नये. गॅलरीत ऊन येत असेल तर कढीपत्त्याची एक कुंडी आणि पानफुटीची एक कुंडी पुरते. पानफुटीवर रेड पिएरो येतं. वरून काळं, मागच्या पंखावर भगवा-लाल पट्टा, जेमतेम रुपयाच्या दोन नाण्यांएवढं. त्याची अळी जाड पानाच्या आत शिरून आतला गर खाते. पान उजेडात धरलं की आत फिरणारी अळी दिसते.

फुलांबद्दल थोडक्यात. झेंडू, झिनिया, इक्सोरा, पेंटास लावा. लहान फुलं झुपक्याने येणारी, एकेरी पाकळ्यांची झाडं बरी. भरगच्च दुहेरी पाकळ्यांत सोंड आत पोचत नाही. गवतात आपोआप उगवणारा दगडी पाला उपटू नका, छोट्या फुलपाखरांचं ते आवडतं खाणावळघर आहे. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, पण ती परदेशातून आलेली आणि रानात माजलेली वनस्पती आहे. कुंपणाला आधीच असेल तर असू द्या, नवीन लावू नका. आणि जागा उन्हाची हवी. फुलपाखराला आधी ऊन खाऊन अंग तापवावं लागतं, त्याशिवाय पंख चालत नाहीत.

एका जुन्या ताटात माती आणि चिमूटभर मीठ घालून ओलं ठेवा. चिखलावर फुलपाखरं बसतात ती पाण्यासाठी कमी आणि क्षारांसाठी जास्त. गंमत म्हणजे बसणारे बहुतेक सगळे नर असतात. मधात न मिळणारे हे क्षार मिलनाच्या वेळी मादीला आणि तिच्याकडून अंड्यांना मिळतात. पिकून काळं पडलेलं केळं कोपऱ्यात ठेवलंत तर मधाकडे ढुंकूनही न बघणारी काही फुलपाखरं येतात. मुंग्याही येतात, ते चालवून घ्यावं लागतं.

वही काय भरायची

निरीक्षण म्हणजे "फुलपाखरू आलं, छान होतं" असं लिहून होत नाही. मी मुलांना एकच झाड नेमून देते आणि एकच नियम सांगते: रोज एकाच वेळी बघायचं, आणि काही दिसलं नाही तरी "दिसलं नाही" असं लिहायचं. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे आणि मुलांना फार जड जातं.

लाईम बटरफ्लायचं अंडं मोहरीहून लहान, गोल, फिकट पिवळं, कोवळ्या पानावर एकेकटं. तीन-चार दिवसांत अळी निघते. चार वेळा कात टाकते. सुरुवातीला काळी-पांढरी, हुबेहूब शिट, म्हणजे पक्षी जिला खाणार नाही अशी वस्तू. शेवटची कात टाकली की एकदम हिरवीगार. मुलांनी आमच्या वहीत लिहिलं होतं, "जुनी अळी हरवली, दुसरीच आली आहे." मी खोडलं नाही, दोन दिवसांनी त्यांनीच खाली दुरुस्ती केली. अळीला हलकेच काडी लावली तर डोक्यामागून नारिंगी-तांबडं, दुभंगलेलं शिंगासारखं काहीतरी बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. एकदा दाखवा, पुन्हा पुन्हा नको. तिचा त्यात दम जातो.

साधारण दोन आठवड्यांनी ती खायचं सोडते, पातळ मळ टाकते आणि भटकायला लागते. पालकांचे फोन येतात ते याच दिवशी, "बाई, अळी आजारी पडली!" आजारी नाही, जागा शोधतेय. मग काडीला शेपूट चिकटवते, कमरेभोवती रेशमाचा एकच धागा घालते आणि त्यावर रेलून बसते, खांबावर चढणाऱ्या वायरमनसारखी. प्लेन टायगरची अळी मात्र खाली डोकं करून लटकते, तिला कमरपट्टा नसतो. दोन्ही कोष शेजारी ठेवता आले तर चित्रं काढायला लावा, फरक मुलांना आपोआप दिसतो. कढीपत्त्यावरचा कोष हिरवा की तपकिरी हे आजूबाजूला काय आहे त्यावर ठरतं. उबदार दिवसांत आठ-दहा दिवसांत फुलपाखरू बाहेर पडतं, बहुधा सकाळी. पंख चुरगळलेले, ओले. तासाभरात ताठ होतात. त्या वेळी पोटातून तांबूस पाणी पडतं. पहिल्यांदा आमच्या वर्गात दोघी रडल्या होत्या, रक्त समजून. ते कोषात साठलेला टाकाऊ द्रव असतो.

डब्यात वाढवायचं असेल तर तोंडाला जाळीचं कापड, तळाला वर्तमानपत्र, रोज ताजं पान आणि रोज लेंड्या साफ. पाण्याची वाटी नको; अळीला पाणी पानातून मिळतं, वाटीत ती बुडून मरते. ग्लासात डहाळी ठेवलीत तर ग्लासाचं तोंड कापसाने बंद करा. बाजारातली जुडी अजिबात नको, फवारलेली असते. आत एक खरखरीत काडी उभी ठेवा, म्हणजे बाहेर आलेल्या फुलपाखराला वर चढून लटकता येईल. पहिल्या वर्षी माझा डबा गुळगुळीत प्लॅस्टिकचा होता. फुलपाखरू घसरत राहिलं, कोषाचं साल एका पंखाला चिकटून राहिलं. मुलं म्हणाली, "बाई, काढा ना!" आणि मी चिमट्याने काढायला गेले. ओल्या पंखाला वळी पडली ती पडलीच. वाळल्यावर ते सरळ होत नाहीत. मुलांनी त्याला चार दिवस साखरपाण्याचा कापूस दिला. ते चालत यायचं, सोंड उलगडून प्यायचं. पाचव्या दिवशी गेलं. माझ्या हातून झालं हे मी मुलांना सरळ सांगितलं. आता वर्गात नियम आहे: बाहेर पडणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही, बाईंनीसुद्धा.

बाकीची कुठे गेली?

मला ज्यासाठी हा लेख लिहायचा होता ते आता.

गेल्या पावसाळ्यात आम्ही डब्याबरोबर झाडावरचीही मोजणी केली. शाळेमागच्या कढीपत्त्यावर ज्या पानांवर अंडी दिसली, त्या देठांना मुलांनी लाल दोरा सैलसर बांधला. 31 अंडी. रोज मोजायचं. अळ्या निघाल्या 22. आठवड्याने उरल्या 9. हिरव्या रंगापर्यंत पोचल्या 4. कोष सापडले 2. मुंग्या, कोळी, एक सरडा, आणि पिल्लांना भरवायला अळ्या नेणारा शिंपी पक्षी, एवढे तर मुलांनी डोळ्यांनी पाहिले. दोन कोषांपैकी एकातून फुलपाखरू निघालं. दुसरा तपकिरी पडत गेला, आणि एक दिवस त्याला टाचणीने पाडल्यासारखं भोक दिसलं. त्यातून मुंगीपेक्षाही लहान, पंखवाल्या माश्या एकामागून एक बाहेर येत होत्या. या माश्या कोषात अंडी घालतात, त्यांची पिल्लं कोष आतून खाऊन वाढतात.

वर्ग गप्प झाला. मग एका मुलीने विचारलं, "बाई, पुस्तकात गोल चक्र आहे. त्यात एकच अंडं आणि एकच फुलपाखरू. मग बाकीची 30 कुठे गेली?"

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. इतकी वर्षं मी ते चक्र शिकवतेय आणि त्यातून मुलांनी काय समजून घेतलं असेल, तर प्रत्येक अंड्याचं फुलपाखरू होतं. तसं झालं तर एका पावसाळ्यात गावात एक कढीपत्ता उरणार नाही. आम्ही तेव्हा चक्र बाजूला ठेवलं आणि स्तंभालेख काढला: 31, 22, 9, 4, 2, 1. प्रत्येक दोन खांबांच्या मध्ये, कमी झालेली कुणाच्या पोटात गेली ते लिहिलं. माहीत नसेल तिथे "माहीत नाही". सर्वांत जास्त जागा "माहीत नाही"नेच घेतली. गणिताचा तास आपोआप झाला, आणि शिंपी पक्ष्याचं घरटं कुठे आहे हे शोधायचं पुढचं काम मुलांनी स्वतःच घेतलं.

एका पालकांनी नंतर भेटून नाराजी सांगितली. एवढ्या लहान मुलांना हे मरणाबिरणाचं दाखवायची गरज होती का, मुलगा रात्री जेवला नाही. त्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेला नाही. पण माझं मत असं आहे, की मुलाने ते माझ्याकडून ऐकलं नाही, 20 दिवस स्वतः मोजून पाहिलं. ते लपवायला मला पान फाडावं लागलं असतं. तुम्हाला काय वाटतं ते आपापल्या वर्गाकडे बघून ठरवा. दुसरी-तिसरीला मी कदाचित फक्त डब्यातली अळी दाखवेन.

डबा बरा की झाड बरं, हेही त्यामुळे कळतं. डब्यातल्या आमच्या पाच अळ्यांपैकी चार फुलपाखरं झाली. मुलं म्हणाली, "मग सगळ्याच डब्यात आणू." मी म्हटलं, "आणि शिंप्याच्या पिल्लांनी काय खायचं?" तो वाद अजून मिटलेला नाही.

आता फवारणीचं. संत्रा-लिंबाच्या रोपवाटिकेत ही अळी खरोखरच नुकसान करते. कोवळं रोप दोन दिवसांत निष्पर्ण होतं, तिथल्या शेतकऱ्याला मी उपदेश करणार नाही. पण दारातला मोठा कढीपत्ता पुन्हा फुटतो, छाटल्यासारखा जोमाने फुटतो. आणि एक गैरसमज काढून टाका: निंबोळी अर्क, तंबाखूचं पाणी "घरगुती आहे, चालतं" असं नसतं. अळीला ते तितकंच लागू पडतं.

सुरक्षेच्या दोन गोष्टी पालकांनी लक्षात ठेवाव्यात. केसाळ अळ्यांना, म्हणजे सुरवंटांना हात लावू द्यायचा नाही, खाज आणि पुरळ उठतं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते आणि कण्हेर तर सगळीच विषारी. ही झाडं बघायची लांबून, पानं तोडायची मोठ्यांनी, आणि नंतर साबणाने हात.

घरचं सांगायचं राहिलं. आमच्या सासूबाईंचा या सगळ्याला कडाडून विरोध होता. "अगं, फोडणीला चार पानं राहू देशील की नाही? किड्यांची खानावळ काढलीस दारात." शेवटी तडजोड म्हणून दुसरं रोप लावलं. विहिरीकडचं आईंचं, अंगणातलं अळ्यांचं. फुलपाखरांना ही वाटणी मान्य नाही, ती दोन्हीकडे अंडी घालतात. परवा आमटीला पानं आणायला गेलेल्या आई बराच वेळ आल्या नाहीत म्हणून बघायला गेले, तर चष्मा कपाळावर सारून एकेक पान उलटं करून बघत होत्या. तोडलेल्या डहाळीवर एक अंडं निघालं. "हे आता कुठे ठेवू गं?" म्हणाल्या. आम्ही ती डहाळी अंगणातल्या झाडाला दोऱ्याने बांधली. आज तिसरा दिवस आहे, अंडं काळपट दिसायला लागलंय, म्हणजे उद्या अळी निघावी.